ऊर्ध्व पाठदुखी

ऊर्ध्व पाठदुखी : मानेच्या पायथ्यापासून बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंतच्या पाठीच्या भागातील वेदनेस ही संज्ञा लावतात. येथील १२ वक्षीय मणके बरगड्यांच्या १२ जोड्यांशी सांधलेले असल्याने या भागात हालचाल कमी व स्थैर्य अधिक असते. म्हणून मणक्यांमधील चकती सरकण्याचा विकार कमरेच्या मानाने येथे क्वचितच आढळतो.

दुखण्याचे मूळ बहुधा स्नायूंत असते. प्रौढाच्या डोक्याचे वजन सु. ५ किग्रॅ. असून शिलाईयंत्र, हिशेबाच्या वह्या किंवा संगणक यांवर तासन्‌तास वाकले असता तो भार मानेच्या व खांद्याच्या पात्यांमधील स्नायूंना सतत तोलून धरावा लागतो. ते थकतात व ताठरतात. केवळ ‘ताठ बसा’ हा उपदेश अशा वेळी अपुरा ठरतो, कारण ताठ परंतु निश्चल बैठकही स्नायूंना थकवितेच. अर्ध्या तासाने उठणे, काम डोळ्यांच्या पातळीस आणणे, खांद्याची पाती मागे ओढून सैल सोडणे व दीर्घ श्वसन यांनी आराम पडतो. शेक व अल्पकाळ वेदनाशामके उपयुक्त असतात. अंथरुणास खिळून राहणे मात्र टाळावे. असे दुखणे सामान्यतः काही आठवड्यांत ओसरते.

पित्ताशयाच्या विकारात उजव्या पात्याखाली वेदना जाणवते. छातीतील दडपण व घाम यांसह उद्‌भवलेली किंवा महारोहिणी फाटल्याने एकाएकी उठलेली तीव्र कळ ही आणीबाणी समजावी. वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, अस्थिसुषिरतेमुळे किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो.

भारतात मणक्याच्या क्षयाचा विचार अवश्य करावा लागतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रक्रियातज्ञांनी १७७९ मध्ये वर्णिलेला हा रोग वक्षीय मणक्यांत विशेष आढळतो. रात्री वाढणारी वेदना, सायंकाळचा बारीक ताप व वजनातील घट ही लक्षणे असतात; पण काही रुग्णांत पाठदुखीखेरीज काहीच नसते व आरंभी क्ष-किरण चित्रही निर्दोष दिसू शकते. अशा वेळी एमआरआय तपासणी उपयोगी पडते. मालिश व लेप यांतच महिने दवडले गेल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत. तोवर मणक्याचा पुढचा भाग झिजून कुबड येते आणि पू साचून मेरुरज्जूवर दाब पडल्यास पाय लुळे पडतात. निदान वेळीच झाल्यास अनेक महिन्यांच्या क्षयरोधी औषधांनी बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. आलेले कुबड मात्र औषधांनी सरळ होत नाही.