मोटार खालीं आणावी काय? — आंखूड स्प्रिंगा कीं कॉइलओव्हर



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वसाहतींत आज अनेक घरांसमोर मोटार उभी असते, आणि ज्या घरांत वीस-बावीस वर्षांचे चिरंजीव आहेत, त्या घरांत कधीं ना कधीं एक मागणी पुढें येते : “बाबा, आपण गाडी थोडी खालीं आणूं.” गाडी खालीं आणणें म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी करणें. हें वडिलांस उमगतें न उमगतें तोंच दुसरा प्रश्न उभा राहतो. नुसत्या आंखूड स्प्रिंगा घालाव्या, कीं कॉइलओव्हर नांवाचा संच घालावा? पहिल्यास खर्च कमी. दुसऱ्यांत उंची मनासारखी कमीजास्त करतां येते. वडील खर्च पाहतात, चिरंजीव रूप पाहतात, आणि रात्रीं-अपरात्रीं आजीला दवाखान्यांत नेण्याची गाडीही हीच, याचा विसर दोघांसही पडतो. ही निवड कशी करावी, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी शाळामास्तर, मोटारीच्या कारखान्यांतला मनुष्य नव्हे. परंतु ज्या नियमावर हा सारा व्यवहार चालतो, तो शाळेच्या पदार्थविज्ञानांतलाच आहे.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं तो नियम सविस्तर प्रसिद्ध केला. स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी, तितक्याच प्रमाणांत तिचा विरोध वाढतो. रद्दीवाल्याच्या हातांतला ताणकांटा याच नियमानें वजन दाखवितो. मोटारीची स्प्रिंग ताणली जात नाहीं, दाबली जाते, एवढाच फरक. स्प्रिंगेचा ताठपणा तीन गोष्टींवर अवलंबून असतो : तारेची जाडी, वेढ्यांची रुंदी आणि वेढ्यांची संख्या. यांत तारेच्या जाडीचा प्रभाव विलक्षण आहे. तार एक-दशांशानें जाड केली तर ताठपणा सुमारें दीडपट होतो. वेढे कमी केले, तरीही ताठपणा वाढतो.

वजन पेलण्याचें हें काम निरनिराळ्या गाड्यांनीं निरनिराळ्या रीतीनें केलें आहे. एके काळीं कल्याण स्थानकाबाहेर टांगे उभे असत. त्यांच्या खालीं पोलादी पट्ट्यांचे पाटे असत. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढें वेटोळ्या स्प्रिंगा आणि मागें पाटे होते. अँबॅसडरला पुढें पिळाची सळई असे. १९९० नंतरच्या दशकांत कल्याणच्या कारखान्यांत प्यूजो ३०९ ही गाडी बनत असे. तिच्या मागच्या चाकांसही पिळाच्याच सळया होत्या. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढें मॅकफर्सन नांवाची रचना असते. तींत शॉकअपची नळी मध्यें आणि तिच्याभोंवतीं वेटोळी स्प्रिंग असते. मागच्या बाजूस मात्र पुष्कळदां स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांपासून वेगळे बसविलेले असतात.

आतां हा शॉकअप कशासाठीं, हें पाहूं. घरांतल्या झोपाळ्याला एकदां झोंका दिला, कीं तो बराच वेळ हालत राहतो. थांबवावयाचा तर पाय जमिनीला टेंकवावा लागतो. एकट्या स्प्रिंगेवर उभी असलेली मोटार अशीच झोपाळ्यासारखी हालत राहील. पाय टेंकविण्याचें काम शॉकअप करतो. त्याच्या नळींत तेल असतें व दट्ट्याला बारीक छिद्रें असतात. धक्का बसला, कीं तेल त्या छिद्रांतून मोठ्या कष्टानें वाट काढतें आणि धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. यावरून ध्यानांत येईल, कीं स्प्रिंग आणि शॉकअप हे एका जुवाखालचे दोन बैल आहेत. एक जोमदार आणि दुसरा दुबळा असेल, तर नांगर सरळ चालत नाहीं. स्प्रिंग ताठ केली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर तो तिला आवरूं शकत नाहीं; गाडी उड्या मारते, चाक क्षणभर रस्ता सोडतें, आणि नेमका त्याच क्षणीं ब्रेक दाबला तर तो व्हावा तसा लागत नाहीं.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. ती म्हणजे चाकाला वर येण्यास मिळणारी जागा. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलें, कीं तें गाडीच्या अंगाकडे वर येतें. ही हालचाल जेथें संपते, तेथें एक रबरी ठोकळा असतो. ठोकळा लागला, कीं स्प्रिंगेचें काम संपलें; पुढचा धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला आणि आंत बसलेल्यांच्या पाठीच्या कण्याला. उंचीची चर्चा करतांना मुलें जमिनीपासूनचें अंतर मोजतात. मोजावयास हवी ती ही जागा.

फळ्यावर मांडतों तसें एक उदाहरण मांडूं. प्रत्येक गाडीचे आंकडे निराळे असतात. हे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. रिकाम्या गाडीची जमिनीपासून उंची १६५ मिलिमीटर, आणि चाकाला वर येण्यास जागा ८० मिलिमीटर, असें धरूं. प्रत्येक चाकापाशीं २ किलो वजनाला स्प्रिंग १ मिलिमीटर दबते. म्हणजे चार चाकांवर मिळून ८ किलोला १ मिलिमीटर. आंत चार माणसें आणि थोडें सामान मिळून ३०० किलो चढले, तर गाडी सुमारें ३७ मिलिमीटर दबेल. उंची उरली १२८, आणि चाकाची जागा ४३.

आतां ३५ मिलिमीटरनें आंखूड आणि तीस टक्के अधिक ताठ अशा स्प्रिंगा घाला. त्याच ३०० किलोनें गाडी ३७ ऐवजीं २९ मिलिमीटरच दबेल, हें खरें. परंतु १६५ मधून ३५ आणि २९ वजा जातां उंची उरते १०१. आणि ८० मधून तितकेच वजा जातां चाकाला जागा उरते अवघी १६ मिलिमीटर. एका बोटाच्या रुंदीइतकी! प्रत्यक्षांत माणसांचें आणि सामानाचें वजन मागें अधिक पडतें, म्हणून मागच्या चाकांची स्थिति याहूनही अवघड. आणि मागच्या बाकावर बहुधा घरांतलीं वडील माणसें बसलेलीं असतात.

या आंकड्यांना आपल्या रस्त्यांशीं ताडून पाहूं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणें गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागीं १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. ताशीं २५ किलोमीटर वेगानें गाडी त्यावरून जावी, हा त्यामागचा हिशेब. असा गतिरोधक ओलांडतांना गाडीचीं चारही चाकें त्याच्याच उतारांवर चढलेलीं असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेल्या गाडीच्या पोटाखालीं त्याचा माथा, भूमितीनें काढलें तर, सुमारें ४४ मिलिमीटरच वर येतो. तेवढ्यासाठीं १०१ मिलिमीटर पुष्कळ आहेत. परंतु आपल्या गल्ल्यांतून आणि सोसायट्यांच्या दारांशीं मानक न पाहतां घातलेले अरुंद उंचवटे असतात. तेथें पुढचीं चाकें उतरून गेलेलीं आणि मागचीं अद्याप चढावयाचीं, अशा वेळीं गाडीचें पोट उंचवट्यावर असतें, आणि उंचवट्याची पूर्ण उंची मोजावी लागते. तो १० सेंटिमीटर असला, तर मूळच्या भरलेल्या गाडीला २८ मिलिमीटर अवकाश राहतो. खालीं आणलेल्या गाडीला १ मिलिमीटर, तोही गाडी मुळींच हालली नाहीं तर. इंजिनाच्या तेलाचें चेंबर बहुधा अशाच ठिकाणीं फुटतें. पावसाळ्यांत घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शीळ रस्ता पाण्याखालीं गेला, म्हणजे खड्डा किती खोल आहे हें तर कोणासच दिसत नाहीं.

ही भूमिका लक्षांत घेतली, म्हणजे दोन्ही पर्यायांचें गुणदोष नीट तोलतां येतील.

आंखूड स्प्रिंगांचा गुण असा, कीं चांगल्या कारखानदारानें विशिष्ट गाडीसाठीं बनविलेल्या असतील तर त्यांचा ताठपणा उंचीच्या हिशेबानें ठरविलेला असतो. एकदां बसविल्या, कीं त्यांत फिरविण्यासारखें कांहीं नसतें. त्यामुळें बिघडण्यासारखेंही थोडें. गाडीचा गुरुत्वमध्य खालीं येतो व वळणावर ती कमी झुकते. मुरबाडमार्गें माळशेज घाट चढतांना हा फरक जाणवेल. दोष असा, कीं शॉकअप मूळचाच राहतो. त्याला दुबळ्या बैलाप्रमाणें जोमदार जोडीदाराशीं जुंपलें जातें, आणि त्याच्या हालचालीचा वरचा भाग आधींच खर्चीं पडलेला असतो. म्हणून आंखूड स्प्रिंगा घ्यावयाच्याच असतील, तर उतार लहान असावा आणि त्यांस जुळणारे शॉकअप बरोबरच घ्यावे. ही जोडी धरून खर्च मोजला, म्हणजे पहिल्यानें वाटलेली स्वस्ताई बरीच ओसरते.

कॉइलओव्हर म्हणजे नळीवर आंटे पाडलेला शॉकअप आणि त्यावर बसणारी, त्याच्याच मापाची स्प्रिंग. आंट्यांवरची कडी वर-खालीं फिरविली, कीं गाडीची उंची बदलते. दोन्ही बैल एकाच गोठ्यांतले, हा याचा मोठा गुण. परंतु येथें एक बारकावा आहे. साध्या संचांत कडी खालीं नेली, कीं स्प्रिंगेची बैठक खालीं जाते आणि चाकाची वर येण्याची जागाही त्याच प्रमाणांत घटते. उत्तम संचांत नळीचा खालचा भाग वेगळा फिरवितां येतो. त्यामुळें शॉकअपची हालचाल न खर्चतां उंची कमी करतां येते. तरीही टायर आणि वरचें मडगार्ड यांतलें अंतर घटतेंच. तें कोणत्याही आंट्यानें परत मिळत नाहीं. दुकानांत दोन्ही संचांस नांव एकच असतें, म्हणून घेणाऱ्यानें हा प्रश्न आधीं विचारावा. शिवाय चारही कोपरे अचूक सारख्या उंचीवर आणणें हें कुशल कारागिराचें काम आहे. आणि आपला पाऊस! चार महिने चिखल, पाणी व खाडीवरची दमट हवा लागून ते आंटे गंजतात. वेळच्या वेळीं धुऊन, पुसून, वंगण न लावलें तर कडी जागच्या जागीं जखडते. मग उंची बदलण्याची जी सोय म्हणून अधिक पैसे मोजले, तीच नाहींशी होते.

यांखेरीज एक तिसरा मार्ग आहे, आणि तो मात्र निखालस त्याज्य आहे. कांहीं ठिकाणीं मूळ स्प्रिंगेचे एक-दोन वेढे कापून गाडी खालीं आणतात. वेढे कमी झाल्यानें ताठपणा वाढतो, पण किती वाढला याचा हिशेब कोणीच केलेला नसतो. कापलेलें टोंक बैठकींत नीट बसत नाहीं. गाडी उसळली, कीं सैल स्प्रिंग जागेवरून हालते. कापतांना ज्योतीनें तापलेलें पोलाद आपला पाणीदारपणाही गमावतें. फुकटांत होणारें हें काम जिवाशीं खेळ आहे.

कोणताही मार्ग घेतला, तरी चाकांची अलाइनमेंट पुन्हां करून घ्यावी लागते. नाहींतर टायर आंतल्या कडेनें झिजतात. दिव्यांचा झोतही पुन्हां साधावा लागतो.

कायद्याची बाजू विसरून चालणार नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, कारखानदारानें मूळ दिलेल्या आणि नोंदणीपत्रांत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकानें करावयाचा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच ठामपणें सांगितलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेल्या फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून पैसे देण्यापूर्वीं ठाण्याच्या किंवा कल्याणच्या परिवहन कार्यालयांत विचारावें, विमा कंपनीस कळवावें, आणि दोघांचेंही उत्तर लेखी घ्यावें. अपघातानंतर विमा कंपनीनें न कळविलेल्या फेरफाराकडे बोट दाखविलें, तर तो वाद त्या घरास फार महाग पडतो.

सारांश असा. घरांत एकच गाडी असेल आणि तींतूनच शाळा, बाजार, दवाखाना व गांव असा सर्व प्रवास होत असेल, तर तिची मूळची उंची हीच योग्य उंची. गाडी डोलते, वळणावर झुकते अशी तक्रार असेल, तर प्रथम तिचे जुने शॉकअप आणि रबरी बुश तपासावे. बॉनेटचा एक कोपरा दाबून सोडा. गाडी एकदां वर येऊन स्थिर न होतां दोन-तीनदां हालली, तर शॉकअप थकला आहे. तो बदलला, कीं ‘खालीं आणण्याची’ अर्धी हौस आपोआप फिटते. गाडी दुसरी, हौसेची असेल आणि ती रस्त्यावरच चालवावयाची असेल, तर लहान उताराच्या स्प्रिंगा व जुळणारे शॉकअप ही प्रामाणिक निवड. ज्यास शर्यतीच्या बंद मार्गावर गाडी चालवावयाची आहे, उंची वारंवार बदलावयाची आहे आणि दर पावसाळ्यांत आंटे पुसण्याचा आळस नाहीं, त्यानेंच कॉइलओव्हरच्या वाटेस जावें.

चिरंजिवांस नुसता नकार देऊं नये. त्यांच्या हातीं फूटपट्टी द्यावी. रिकाम्या गाडीची उंची मोजावी, मग सर्वांस आंत बसवून पुन्हां मोजावी, आणि घरापासून स्थानकापर्यंतचे गतिरोधक मोजून यावे. मग वरची वजाबाकी त्यांनींच करावी. मुलानें स्वतः केलेल्या गणिताचें उत्तर त्याला जितकें पटतें, तितका वडिलांचा उपदेश पटत नाहीं, हा माझा शाळेंतला कित्येक वर्षांचा अनुभव आहे.