जुन्या दस्तांसाठी स्कॅनर घेताना
गोव्यातील अनेक घरांत पोर्तुगीज काळातील विक्रीखते आणि एक-चौदाचे उतारे एकाच फायलीत नांदत असतात. स्कॅनर घेताना प्रथम ती फाईल डोळ्यांसमोर आणावी. वेगाचे आकडे नंतर. कागद आपोआप ओढून घेणारे यंत्र बिलांचा गठ्ठा झपाट्याने उरकते, परंतु घडीवर विरलेला दस्त त्याच्या रुळांत फाटू शकतो. त्यासाठी सपाट काचेचाच स्कॅनर हवा. मात्र घरगुती यंत्रांची काच बहुधा ए-४ मापाची, म्हणजे सुमारे २९७ मिलिमीटर लांब असते आणि लीगल कागद ३५६ मिलिमीटरचा. नेमक्या तळच्या सह्या व शिक्के बाहेर राहतात! तेव्हा दुकानात जाताना आपला सर्वांत लांब कागद मोजून जावे.

शिवलेल्या वह्या असतील तर सीसीडी संवेदकाचे यंत्र पाहावे. सीआयएस प्रकारात शिवणीजवळची, काचेपासून उचललेली अक्षरे पुसट येतात. छापील मजकुरास ३०० डीपीआय पुरेसे. फिकट हस्ताक्षरासाठी ६०० घ्यावे, तेही रंगीत, कारण कृष्णधवल प्रतीत शिक्क्याखालची सही वेगळी ओळखू येत नाही.