मधुमेह आणि मैदान

मधुमेह हा उतारवयातील सुखवस्तू माणसांचा आजार, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु त्याचा पहिला प्रकार बालपणी किंवा ऐन तारुण्यातही जडतो. मग अशा मुलाला घरची मंडळी प्रथम मैदानापासून दूर करतात. हे योग्य आहे काय?

निरोगी माणूस धावू लागला की त्याचे शरीर इन्शुलिन आपोआप कमी करते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. स्नायूंनी घेतलेली साखर अशी भरून निघते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्याची अडचण नेमकी येथेच आहे. एकदा टोचलेले इन्शुलिन मागे घेता येत नाही. ते यकृताचा हात आखडून धरते. इकडे स्नायू साखर ओढतच राहतात. साहजिकच रक्तातील साखर झपाट्याने उतरते. उलट, शंभर मीटरच्या जोरकस धावेत अ‍ॅड्रिनलिनमुळे ती काही वेळ चढूही शकते.

म्हणून खेळापूर्वी साखर तपासणे अगत्याचे. दर डेसिलिटरला ती ९० मिलिग्रॅमहून कमी असल्यास आधी एखादे केळे खावे. २५० हून अधिक असून लघवीत कीटोन आढळल्यास खेळू नये. धावण्याआधी मांडीत इंजेक्शन घेऊ नये. तेथून ते लवकर भिनते. खेळाआधीच्या जेवणाचे इन्शुलिन किती कमी करावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. धोका मैदानावरच संपतो असेही नाही. दमलेले स्नायू आपला साठा रात्रभर भरून काढतात, त्यामुळे झोपेतही साखर उतरते.

येथे सोबत्यांचेही काम आहे. खेळता खेळता एखाद्याला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर थट्टा करू नये. साखर ७० च्या खाली गेल्याची ती खूण असू शकते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम याला १९९७ मध्ये मधुमेह असल्याचे कळले. इन्शुलिन घेत तो खेळत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतील पाचशेवा बळी मिळवला. तेव्हा मैदान सोडण्याचे कारण नाही. खिशात साखरेची पुडी असावी आणि शेजारच्या खेळाडूला ती कशासाठी आहे हे ठाऊक असावे.