माजी मुख्यमंत्र्यावर खटला : परवानगी कोणाची, कोर्ट कोणते?

लेखमाला : खुर्ची आणि कोर्ट (भाग सहावा)

गेल्या भागाच्या शेवटी आपण १२ जानेवारी १९८२ या दिवसापाशी थांबलो होतो. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी सिमेंट वाटपाच्या याचिकेवर निकाल दिला आणि त्याच दिवशी बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. २० जानेवारीपासून तो अमलात आला आणि बॅ. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. अंतुले आमदार मात्र राहिले. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढचे सगळे रामायण त्याच्यावरच घडले आहे.

लेंटिन यांच्या निकालाने अंतुले गुन्हेगार ठरले, असा समज आजही अनेकांच्या मनात आहे. तो चुकीचा आहे. ती रिट याचिका होती. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. सिमेंट बिल्डरांना मिळाले आणि बिल्डरांकडून मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानांना देणग्या गेल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. पण रिट याचिकेत कोणाला तुरुंगात पाठवता येत नाही. त्यासाठी फौजदारी खटला लागतो, आणि तो खटला भाजपचे मुंबईतील नेते रामदास नायक यांनी आधीच सुरू करायला घेतला होता.

अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाबद्दल अरुण शौरी यांचा लेख ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आला ३१ ऑगस्ट १९८१ रोजी. दुसऱ्याच दिवशी नायक यांनी राज्यपालांकडे अर्ज केला की, मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला मंजुरी द्यावी. दहा दिवसांनी त्यांनी एस्प्लनेड कोर्टात फिर्यादही दाखल केली. मंजुरीशिवाय दखल घेता येणार नाही, असे सांगून मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांनी ती बाजूला ठेवली.

ही मंजुरी काय भानगड आहे? १९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे सहावे कलम सांगत होते की, लोकसेवकाला पदावरून दूर करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याची पूर्वपरवानगी असल्याशिवाय कोर्टाने लाचलुचपतीच्या गुन्ह्याची दखल घेऊ नये. हेतू वाईट नव्हता. ज्याचे काम अडले तो उठून साहेबावर फिर्याद ठोकू लागला, तर कोणी अधिकारी सही करायला धजणार नाही. तलाठी, मामलेदार, इंजिनियर यांच्या बाबतीत हे ठीक चालते. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत मात्र ही तरतूद विचित्र होते. त्याला दूर करण्याचा अधिकार राज्यपालांना, राज्यपाल चालणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आणि मंत्रिमंडळाचा प्रमुख तोच मुख्यमंत्री! म्हणजे आपल्यावर खटला भरावा की नाही, याचा सल्ला आरोपीनेच द्यायचा. अंतुल्यांनी राजीनामा दिल्यावर सल्ला देणारे मंत्रिमंडळ बदलले खरे, पण पक्ष तोच होता.

मंजुरीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्यातून सुटका झाली ती एका कबुलीमुळे. या प्रकरणात राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नव्हे, तर स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा, हे सरकारी वकिलाने मान्य केल्याची नोंद उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात होती. पुढे सर्वोच्च न्यायालयात राज्य सरकारने कानांवर हात ठेवले. असे काही आम्ही कबूल केलेच नव्हते, असा पवित्रा घेतला. न्यायालयाने जुलै १९८२ मध्ये स्पष्ट सांगितले की, न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलेली नोंद अंतिम. त्या दालनात कोण काय बोलले याची चौकशी आम्ही करत बसणार नाही. वकिलाचे काही चुकीचे नोंदले गेले असेल, तर त्याने तेव्हाच त्याच न्यायाधीशांच्या नजरेस आणायला हवे होते. हा दाखला आजही देशभरच्या कोर्टांत रोज दिला जातो. तो अंतुल्यांच्या प्रकरणातून आला, हे देणाऱ्याच्याही ध्यानात नसते.

राज्यपाल इद्रीस लतीफ यांनी मंजुरी दिली, पण मोजक्या बाबींपुरतीच. बाकीच्या बाबींना नकार दिला. तेवढ्यावर नायक यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद दाखल केली. अंतुल्यांच्या वकिलांनी दोन हरकती घेतल्या. एक, अशा खटल्यात खासगी माणसाला फिर्याद करताच येत नाही. दोन, अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत. आमदार हा लोकसेवक असल्यामुळे मंजुरी हवी आणि आमदाराला दूर करणारी सत्ता म्हणजे विधानसभा. पहिली हरकत टिकली नाही. दुसरी विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांना पटली आणि २५ जुलै १९८३ रोजी त्यांनी अंतुल्यांना दोषमुक्त केले. पुरावा तपासला गेलाच नाही. ज्या सभागृहात आरोपीच्याच पक्षाचे बहुमत, त्या सभागृहाने ठराव करून परवानगी द्यायची, असा त्या आदेशाचा व्यवहारातला अर्थ होता.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे उलटवले. नायक यांच्या बाजूने राम जेठमलानी उभे होते, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांचे. त्यातला युक्तिवाद सावकाश वाचण्यासारखा आहे. आमदाराला पगार सरकारी तिजोरीतून मिळतो, हे खरे. पण ‘सरकारच्या पगारावर असणे’ म्हणजे कार्यकारी सत्तेच्या हाताखाली असणे. आमदार सरकारचा नोकर नाही. उलट सरकारला जाब विचारणे हे त्याचे काम. म्हणून भारतीय दंडविधानाच्या २१ व्या कलमाच्या अर्थाने तो लोकसेवक नव्हे. दुसरा मुद्दा याहून मोलाचा आहे. मंजुरी लागते ती ज्या पदाचा गैरवापर झाला त्या पदासंबंधी, आणि कोर्ट दखल घेते त्या दिवशी आरोपी त्या पदावर असेल तरच. खुर्ची सोडली की संरक्षण संपले. एक पद जाऊन दुसरे मिळाले म्हणून नवे कवच चढत नाही. नाहीतर भ्रष्ट माणसाने फक्त खुर्च्या बदलत राहायचे.

इथे घटनापीठ थांबले असते तर बरे झाले असते. अडीच वर्षे झाली तरी खटला तसूभर हललेला नाही, याची चीड निकालपत्रात जागोजागी जाणवते. त्या भरात न्यायालयाने कोणीही मागितलेले नसताना आणखी एक आदेश दिला : हा खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाकडे द्यावा आणि तो रोजच्या रोज चालवावा.

त्याप्रमाणे उच्च न्यायालयात काम सुरू झाले. ५७ साक्षीदार तपासले गेले. न्या. मेहता यांनी फिर्यादी पक्षाच्या ४३ मसुदा आरोपांपैकी २१ निश्चित केले आणि बाकीच्या २२ मधून अंतुल्यांना मोकळे केले. एप्रिल १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या २२ पैकी बहुतेक पुन्हा उभे केले आणि खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्यायला सांगितले. न्या. पी. एस. शहा यांनी मग ७९ आरोप ठेवले. तेव्हा अंतुल्यांनी मुळावरच बोट ठेवले : मला उच्च न्यायालयापुढे उभे करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

हा प्रश्न सात न्यायाधीशांपुढे गेला. २९ एप्रिल १९८८ रोजी ५ विरुद्ध २ अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, १९८४ चा आदेश आपलीच चूक होती. १९५२ च्या कायद्याप्रमाणे असे खटले फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतात. नवे न्यायक्षेत्र निर्माण करणे हे संसदेचे काम, न्यायालयाचे नव्हे. शिवाय इतर आरोपींना विशेष न्यायाधीशाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील असते. अंतुल्यांची ती पायरीच काढून घेतली गेली होती, आणि तीही या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे न ऐकता. एकदा अंतिम झालेला निकाल त्याच पक्षकारांमध्ये असा पुन्हा उकरता येणार नाही, असे अल्पमतातल्या न्या. व्यंकटचलय्या यांचे म्हणणे होते. ते टिकले नाही. १९८४ नंतरचे सगळे कामकाज रद्द झाले, त्या ५७ साक्षींसकट.

या निकालावर त्या वेळी बरीच टीका झाली. बडा माणूस सुटला, अशी भावना होती आणि ती समजण्यासारखी आहे. माझे मत वेगळे आहे. आरोपी माजी मुख्यमंत्री आहे म्हणून त्याला एक संरक्षण जास्त मिळता कामा नये, हे १९८४ चे तत्त्व ज्याला मान्य आहे, त्याला एक संरक्षण कमीही मिळता कामा नये, हे १९८८ चे तत्त्व मान्य करावेच लागते. घाईचा दोष अंतुल्यांच्या वकिलांचा नव्हता, न्यायपीठाचा होता. त्याची किंमत मात्र खटल्याला मोजावी लागली.

पुढचे थोडक्यात. इतका विलंब झाला म्हणून खटलाच रद्द करा, अशी मागणी घेऊन अंतुले पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९१ मध्ये घटनापीठाने सांगितले की, जलद खटला हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, पण त्याला वर्षांची ठरावीक मर्यादा घालता येत नाही. खटला रद्द झाला नाही. एव्हाना अंतुले लोकसभेत पोचले होते. नंतर ते केंद्रात आरोग्यमंत्री आणि २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. सिमेंट प्रकरणात त्यांना शिक्षा झाली नाही. फिर्यादी नायक यांची १९९४ मध्ये वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली. ते प्रकरण वेगळे.

आपण मात्र मंजुरीच्या कलमापाशी परत यायला हवे. ‘खुर्ची गेली की संरक्षण संपले’ हा १९८४ चा नियम आता राहिलेला नाही. २०१८ च्या दुरुस्तीने संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमात माजी लोकसेवकालाही आणून बसवले, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी जो पदावर होता त्याच्यासाठीही मंजुरी लागते. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७ व्या कलमात तर माजी लोकसेवक आधीपासूनच होते. आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात महाराष्ट्राने त्याचा अनुभव घेतला. माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर खटला भरायला राज्यपाल शंकरनारायणन यांनी २०१३ मध्ये नकार दिला, राज्यपाल विद्यासागर राव यांनी २०१६ मध्ये होकार दिला आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो होकार रद्द केला, कारण पहिल्या नकारानंतर निर्णय बदलण्याजोगा नवा ग्राह्य पुरावा समोर आलेला नव्हता.

आमदार-खासदार लोकसेवक आहेत की नाहीत, हा प्रश्नही १९८४ मध्ये मिटला नाही. १९९८ मध्ये झारखंड मुक्ती मोर्चा लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्याखाली त्यांना लोकसेवक ठरवले. त्या खटल्यात आरोपी होते माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव. पुढच्या आठवड्यात तेच प्रकरण घेऊ.