वैराग भागांतील गुरांची गणती व वैरणीचा हिशेब

दुष्काळांत गुरांसाठीं वर्गणी मागावयास निघालें म्हणजे दाते प्रथम विचारतात : गुरें किती, आणि त्यांस वैरण किती लागेल? प्रश्न अगदीं वाजवी आहे. त्याचें उत्तर मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. म्हणून या अहवालांत त्यास थोडी जागा देत आहों.

हिंदुस्थानांत गुरांची पहिली सर्वदेशीय गणती १९१९-२० सालीं झाली व पुढें ती साधारणपणें दर पांच वर्षांनीं होत आली. २०१९ च्या विसाव्या गणतींत देशाचें पशुधन सुमारें ५३ कोटी ६० लक्ष भरलें, महाराष्ट्राचें सुमारें ३ कोटी ३० लक्ष. एकविसावी ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झाली. गणतीदार घरोघर जाऊन जात, वय, नर कीं मादी, दुभतें कीं भाकड, औताचें कीं पैदाशीचें, इतकें टिपून घेतो. ही मेहनत थोडी नव्हे. परंतु अवर्षणाचे वर्षीं गुरांची संख्या महिन्यामहिन्यास पालटते, आणि पांच वर्षांपूर्वींच्या आंकड्यावर आजची गंजी रचतां येत नाहीं.

वैराग व भोंवतालचीं बार्शी तालुक्यांतील गांवें घ्या. येथील मुख्य आधार शाळूचा कडबा. परतीचा पाऊस चुकला कीं दाण्याबरोबर कडबाही गेला, आणि शेतकरी बहुधा प्रथम भाकड जनावर बाजारास नेतो. औताची जोडी मोडतो ती अगदीं नाइलाज झाल्यावर. ऊसतोडीस गाडी घेऊन गेलेल्यांचे बैल हिंवाळाभर कारखान्याच्या तळावर, धनगरांचे कळप चराईच्या वाटेवर. त्याच दिवसांत गणती झाली तर गांवच्या कागदावर त्यांचा मागमूस नसतो, आणि वैशाखांत तींच गुरें दावणीला येऊन उभीं राहतात. फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद एकविसाव्या गणतींतच प्रथम घेण्यांत आली, हें इष्टच झालें.

आतां हिशेब पहावा. मोठ्या जनावरास रोज सहा किलो सुकी वैरण धरली, तर शंभर जनावरांस नव्वद दिवसांना ५४ टन लागते. कागदावर शंभर आणि दावणीला एकशें तीस असलीं, तर तीच गंजी एकोणसत्तर दिवसांत संपते, व पावसाला तीन आठवडे असतां गुरें मोकळ्या गव्हाणीपुढें उभीं राहतात. उलट संख्या फुगविली तर काय होतें? २०१८-१९ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्ह्यांत, विशेषतः सांगोला व मंगळवेढा तालुक्यांत, पुष्कळ छावण्या उघडल्या होत्या. त्या दुष्काळांत कांहीं काळ सरकारी अनुदान मोठ्या जनावरामागें रोज ९० रुपये व लहानामागें ४५ रुपये होतें. या दरानें एक मोठें डोकें खोटें लिहिलें कीं नव्वद दिवसांत ८,१०० रुपये भलतीकडे गेले, आणि खऱ्या भुकेल्या जनावराच्या तोंडचे गेले.

कानांतील बारा अंकी बिल्ल्यानें हें काम पुष्कळ सुकर झालें आहे. महाराष्ट्रांत १ जून २०२४ पासून बिल्ल्यावांचून गुरांच्या खरेदी-विक्रीस मनाई झाली. तथापि जनावर विकलें किंवा मेलें, तेव्हां नोंद पालटली नाहीं तर वहींत तें जिवंतच राहतें! बिल्ला जन्माचा असतो, हिशेब रोजचा.

आंकडे गोळा करून सरकारपुढें ठेवण्याची रीत आपणांस नवी नाहीं. १८७६-७७ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ठिकठिकाणच्या माणसांकडून हकीकती मागवून त्या सरकारास कळविल्या होत्या. हल्लीं तर तपशील घेणें कितीतरी सोपें आहे.

यास्तव गांवोगांवच्या पंचांस आमची विनंती कीं, दर अमावास्येस एक कागद भरून द्यावा. त्यांत बैल, गाई, म्हशी, वासरें, शेळ्यामेंढ्या हीं वेगवेगळीं लिहावीं. त्या महिन्यांत किती आलीं, किती विकलीं, किती मेलीं तेंही लिहावें. बाहेरगांवीं गेलेलीं गुरें निराळ्या रकान्यांत दाखवून तीं केव्हां परत येणार तें नमूद करावें. कडबा पेंढ्यांच्या शेकड्यावर सांगण्याची चाल आहे. पण पेंढी लहानमोठी असते, सबब प्रत्येक गंजीतील दहा पेंढ्या कांट्यावर घालून वजन लिहावें. वैरण जास्त मिळेल या आशेनें कोणीं डोकीं वाढवूं नयेत, व भीतीनें लपवूंही नयेत. कागद चावडीवर मोठ्यानें वाचून मगच सह्या कराव्या. शेजाऱ्याच्या दावणीला काय आहे तें शेजाऱ्यास ठाऊक असतें.