पोहणाऱ्या कुत्र्याचं मुसकं
कोळपणीच्या बैलाचं मुसकं जाळीदार असतं: पिकाला तोंड लागू नये, पण श्वास मोकळा राहावा. शेतकऱ्याला हे सांगायला नको. कुत्र्याच्या तोंडाला मात्र सर्रास कापडी पट्टा आवळला जातो. कुत्रं थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून. जबडाच उघडला नाही तर अंग तापत जातं. पाण्यात आणखी वाईट. भिजलेलं कापड नाकपुड्यांना चिकटतं, तोंडात शिरलेलं पाणी बाहेर टाकता येत नाही. म्हणून रुंद फटींची, जीभ बाहेर येईल अशी ऐसपैस जाळी घ्यावी. तीही काठापुरतीच. माझं विचाराल तर, पोहताना मुसकं नकोच. माणसं नसतील तिथे छातीपट्ट्याला लांब दोर बांधून सोडावं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र अजिबात नाही, त्या निसरड्या उतारावर पंजा टिकत नाही.