पोहणाऱ्याच्या अंगातली ऊब

१९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ पग यांनी परतल्यावर एका वेगळ्याच माणसाचा अभ्यास केला. जेसन झिर्गानोस हा ग्रीक लष्करातला अधिकारी, इंग्लिश खाडी पोहणारा आणि अंगानं चांगला जाडजूड. सोळा अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो तासन्‌तास राहिला, तरी त्याच्या शरीराच्या आतलं तापमान फारसं हललं नाही. सडसडीत बांध्याचे पग स्वतः तशाच पाण्यात उतरले, तेव्हा त्यांचं तापमान भराभर खाली आलं. पग आणि ओटो एडहोम यांनी १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष मांडले. लांब पल्ल्याच्या पोहण्यात माणूस कशाशी झुंजतो, हे समजून घ्यायला आजही हा प्रयोग उपयोगी पडतो.

तिशी-चाळिशीत समुद्रात पोहायला लागणारा माणूस आधी विचारतो, दम पुरेल का, खांदे टिकतील का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मिनिटाला साठ हात मारणारा माणूस तेरा-चौदा तासांत पन्नास हजारांच्या घरात हात मारतो, आणि खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू वयाबरोबर कुरकुरायला लागतातच. पण थंड समुद्रात त्याआधी येतो तो उष्णतेचा प्रश्न. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. मॅरेथॉन धावणाऱ्याला अंगातली उष्णता बाहेर टाकायची असते, तर खाडी पोहणाऱ्याला ती राखायची असते. जमा-खर्चाच्या या वहीत जमेची बाजू एकच, ती म्हणजे स्नायूंची हालचाल. हात मंदावले की उष्णता कमी तयार होते, स्नायू गारठतात आणि हात आणखी मंदावतात. म्हणूनच सोबतच्या बोटीतली माणसं दर मिनिटाला किती हात पडताहेत, हे मोजत असतात.

थंडीचा पहिला तडाखा पाण्यात शिरताक्षणी बसतो. श्वास एकदम आत ओढला जातो आणि नाडी धावू लागते. दोन-तीन मिनिटांत हे ओसरतं, पण थंड पाण्यात बुडण्याच्या कित्येक घटना याच मिनिटांत घडतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी या धक्क्यावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. त्यातला मला सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष असा की, थंड पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडक्यांनीही हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो आणि शरीर ही सवय कित्येक महिने विसरत नाही. प्रौढ शरीर नवं शिकत नाही, या समजाला यानं चांगलाच छेद जातो.

धक्का ओसरल्यावर थंडी हातापायांत उतरते. कातडीखालून जाणाऱ्या नसा गारठल्या की बोटं फाकतात, जवळ येईनाशी होतात. पंजा पाणी धरत नाही. इथं शरीराचा गाभा अजून पुरेसा उबदार असू शकतो, तरीही पोहणं विस्कटतं. गाभ्याचं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलं की विचारशक्ती धूसर होते, आणि आपण भरकटतो आहोत हे पोहणाऱ्याला स्वतःला कळत नाही. म्हणून बोटीतून साधे प्रश्न विचारले जातात. मुलीचं नाव काय? आज वार कुठला? उत्तराला उशीर झाला तर पोहणं थांबवायचं, आणि तो निर्णय पोहणाऱ्यावर सोडायचा नाही.

आपल्याकडे धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटरचं अंतर पोहून आलेल्या लहान मुलांची छायाचित्रं अधूनमधून छापून येतात. त्यांचं कौतुक व्हावंच. पण प्रौढांच्या पोहण्याकडे आपलं लक्ष कमी जातं याचं मला वाईट वाटतं, कारण शास्त्राच्या दृष्टीनं थंड पाण्यात प्रौढाकडे एक भांडवल असतं. लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं मोठा असतो, त्यामुळे ते लवकर थंड होतं. मोठ्या, थोड्या चरबी धरलेल्या शरीराची ऊब जास्त वेळ टिकते. खाडी पोहण्याआधी कित्येक जण मुद्दाम वजन वाढवतात.

धरमतरचं पाणी उबदार, त्यामुळे तिथं हिशेब उलटा. कोमट पाण्यात जोर लावून पोहणाऱ्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. अमेरिकन जलतरणपटू फ्रॅन क्रिपेन याचा २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या उष्ण समुद्रात शर्यतीदरम्यान मृत्यू झाला. पुढं आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पाण्याची कमाल मर्यादा ३१ अंश ठरली. महाराष्ट्रातल्या तलावात आणि समुद्रात तयार झालेल्या माणसाला इंग्लिश खाडी पोहायची, तर शरीराला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावं लागतं. खाडीच्या प्रयत्नापूर्वी साधारण सोळा अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा दाखला द्यावा लागतो. वेटसूट चालत नाही, बोटीला हात लावायचा नाही. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सागरी खाड्या पोहून पूर्ण केल्या, त्यामागे ही सगळी शारीरिक उलथापालथ आहे.

खाण्याचं गणितही सोपं नाही. स्नायूंतला साखरेचा साठा दोन-तीन तासांत आटतो, आणि आतडं तासाला साधारण साठ ते नव्वद ग्रॅमच कर्बोदकं शोषू शकतं. बाकीची भर चरबीतून. अर्ध्या-पाऊण तासानं दोरीला बांधलेली बाटली येते. ती पटकन संपवायची, कारण थांबलं की प्रवाह बाजूला नेतो. दर सहा तासांनी भरती-ओहोटी पालटते, म्हणून डोव्हर ते फ्रान्स ही सुमारे ३३ किलोमीटरची सरळ रेषा प्रत्यक्षात वळणावळणाची होते. म्हणूनच बहुतेक प्रयत्न उधाण सोडून भांगाच्या दिवसांत होतात. सारा थॉमस या अमेरिकन जलतरणपटूनं सप्टेंबर २०१९ मध्ये ही खाडी न थांबता चार वेळा ओलांडली. ५४ तासांत, प्रवाहांमुळे, ती दोनशेहून अधिक किलोमीटर पोहली. आदल्याच वर्षी तिचे स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार संपले होते.

मिहिर सेन इंग्लंडला गेले ते बॅरिस्टर व्हायला. फ्रीस्टाइल ते तिथं, मोठेपणी शिकले. कित्येक अपयशांनंतर २७ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी इंग्लिश खाडी पार केली. ऑटो थॅनिंग हे दक्षिण आफ्रिकेतले हृदयशल्यविशारद तर २०१४ मध्ये ७३व्या वर्षी पलीकडे पोहोचले. अशा नावांनी उमेद वाढते, पण झिर्गानोसचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. १९५९ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या, आणखी थंड नॉर्थ चॅनेलमध्ये पोहताना त्याचा मृत्यू झाला. सोळा अंशांना पुरलेली चरबी तिथं पुरली नाही.

चाळिशीनंतर समुद्रात उतरू पाहणाऱ्यांनी रक्तदाब आधी तपासून घ्यावा. थंडीनं हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त छातीकडे ढकललं जातं आणि काहींच्या फुप्फुसात पाणी साचू लागतं. उच्च रक्तदाब असलेल्यांत ही शक्यता जास्त. पोहताना अचानक धाप, खोकला, फेसाळ थुंकी दिसली तर जिद्द न करता बाहेर यावं. किनाऱ्याला लागल्यावरही सावध राहायचं, कारण बाहेर आल्यानंतर काही मिनिटं शरीराच्या आतलं तापमान घसरतच राहतं. ओले कपडे आधी काढावेत, अंग कोरडं करून टोपीसकट उबदार कपडे घालावेत, बसून गोड, कोमट काही घोट घोट प्यावं. गरम पाण्याचा शॉवर थरथर थांबल्यावरच.